दप्तरातली पक्वान्ने

दक्षिण इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान, गाएता नावाचे एक जुने बंदर आहे. तेथील बिशपच्या मिळकतीसंबंधी इसवी सन 997 मध्ये झालेला एक करार उपलब्ध असून, लॅटिन भाषेतील त्या कागदात कुळाने बिशपला दर नाताळास बारा पिझ्झे व त्यांबरोबर डुकराच्या खांद्याचे मांस, आणि ईस्टरच्या सणास पुन्हा बारा पिझ्झे व कोंबड्यांची एक जोडी पोहोचती करावी, असे कलम आहे. पिझ्झा या शब्दाच्या अगदी जुन्या लेखी उल्लेखांपैकी हा एक. ते बारा नग दिसायला कसे होते हे कागद सांगत नाही. भट्टीत भाजलेले कसले तरी चपटे रोट असावेत. टोमॅटोचे फळ अमेरिका खंडातून युरोपात येण्यास त्या वेळी अजून पाचशे वर्षांहून अधिक अवकाश होता, त्यामुळे आज आपण ज्या लालभडक पदार्थाला त्या नावाने ओळखतो तो बिशपमहाराजांच्या ताटात पडला नव्हता एवढे निश्चित. पण नाव तेच. आणि ते आपल्याला भेटते ते वसुलीच्या कलमात, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

खाद्यपदार्थांचा इतिहास धुंडाळणारा मनुष्य स्वाभाविकपणे प्रथम पाकशास्त्राचे ग्रंथ उघडतो आणि बहुधा तेथेच चकतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे; त्यातले मांडे, वडे आणि नाना प्रकारची मांसे वाचताना कोणाही खवय्याच्या तोंडाला पाणी सुटेल, परंतु राजाने काय भोगावे हे सांगणे हाच त्या ग्रंथाचा हेतू असल्यामुळे रयतेच्या पोटात काय जात होते याची चौकशी त्याने करावी, ही अपेक्षाच गैरवाजवी. जगातील बहुतेक जुने पाकग्रंथ असेच मुदपाकखान्यांच्या आश्रयाने जन्माला आले. आणि गंमत अशी की आज न्यूयॉर्कपासून पुण्यापर्यंत ज्यांच्यासाठी लोक रांगा लावतात ते पदार्थ मुदपाकखान्यातले मुळी नाहीतच. ते कोळ्याचे, हमालाचे, रोजंदारीवर राबणाऱ्या एकट्या माणसाचे पदार्थ आहेत. अशा माणसाच्या चार घासांची दखल घेण्याची गरज पंडितांना भासली नाही. ती सरकारी कारकुनाला भासली, कारण त्या घासांवर कधी कर बसवायचा होता, कधी बंदी घालायची होती, तर कधी शिध्याचा हिशेब लावायचा होता. म्हणून या प्रकरणापुरते मी वाचकाला स्वयंपाकघरात कचेरीच्या दाराने नेणार आहे.

पिझ्झ्याहून जुना दाखला जपानचा. आठव्या शतकात, नारा ही राजधानी असताना, जपानी दरबाराने चिनी धर्तीवर जे कायदे केले त्यांत प्रजेने वस्तुरूपाने भरावयाच्या सार्‍याच्या याद्या आहेत, आणि त्या याद्यांत मीठ, कापड, समुद्रशेवाळ यांच्या बरोबरीने सुशी आहे. नारा येथील राजवाड्याच्या उत्खननात लाकडाच्या पट्ट्या सापडल्या. प्रांतोप्रांतीहून आलेल्या करमालाला त्या चिठ्ठीसारख्या बांधलेल्या असत, आणि त्यांतल्या काहींवर सुशीचे नाव आहे. दहाव्या शतकातल्या ‘एंगिशिकी’ नामक नियमसंहितेत तर कोणत्या प्रांताने कोणत्या माशाची सुशी धाडावी याचा तपशीलच दिला आहे. आता ज्याने सुशी एखाद्या उपाहारगृहात पाहिली आहे, भाताच्या लहानशा मुटक्यावर कच्च्या माशाची तकतकीत फोड, त्याला प्रश्न पडेल की असला क्षणभंगुर पदार्थ बैलगाडी-होडीने महिनामहिना प्रवास करून राजधानीत पोहोचत कसा होता? त्याचे उत्तर असे की त्या काळची सुशी टिकण्यासाठीच जन्मली होती.

ही मूळची सुशी अद्याप नामशेष झालेली नाही. क्योतोच्या पूर्वेस बिवा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथे मिळणाऱ्या फुना जातीच्या, अंडी धरलेल्या मासळीची ‘फुनाझुशी’ आजही घालतात. घालतात हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो, कारण तिची सगळी रीत आपल्या लोणच्याच्या जातीची आहे. वसंतात धरलेल्या माशाचे खवले काढून, गाभोळीला धक्का न लावता कल्ल्यांतून आतडी ओढून घेतात; मग पोटात आणि अंगावर मीठ ठासून मासे लाकडी पिंपात रचतात व वर दडपण ठेवतात. काही महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, ते काढून स्वच्छ धुतात, आणि मग खरा संस्कार सुरू होतो: भाताचा एक थर, माशांचा एक थर, पुन्हा भात, पुन्हा मासे, अशी चळत लावून पिंपावर झाकण व झाकणावर दगड ठेवला की वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, तिकडे ढुंकून पाहायचे नाही. भात आंबतो, त्याचे आम्ल माशात उतरते, हाडेसुद्धा मऊ पडतात, आणि दुर्गंधीचे कारण होणारे जंतू त्या आंबटपणात जगू शकत नाहीत. बाहेर काढलेला भात लापशीसारखा झालेला असतो. तो निपटून टाकून मासा तेवढा खावयाचा, अशी जुनी वहिवाट. त्याचा वास, खरे सांगायचे तर, नवख्याला सोसवत नाही, आणि चव जुन्या, मुरलेल्या चीजसारखी असते असे चाखलेले लोक सांगतात. आगोटीच्या बेगमीसाठी बांगडे खारवणाऱ्या आणि सुक्या बोंबलाचा वास घरात दरवळला की पावसाळा जवळ आला असे समजणाऱ्या आपल्या कोकणपट्टीला यात नाक मुरडण्यासारखे काही वाटू नये. फरक एवढाच की आपण मिठावर आणि उन्हावर थांबलो, तर भातशेतीच्या त्या मुलखाने भाताचीच युक्ती केली. ही युक्ती मूळची आग्नेय आशियातल्या मेकाँगच्या खोऱ्याकडची असावी, असा विद्वानांचा तर्क आहे.

पुढच्या चार-पाचशे वर्षांत लोकांचा धीर सुटत गेला. वर्ष थांबायचे तिथे महिन्यावर आले, महिन्याचे आठवड्यांवर. भात पुरता आंबण्यापूर्वीच पिंप उघडू लागले आणि मग तो भात टाकून देण्याऐवजी माशाबरोबर खाण्यात मजा आहे असा शोध लागला. अखेर सतराव्या शतकात कोणी तरी भातात थेट सिरका घातला. आंबणे संपले, आंबटपणा उरला. आता पाककलेच्या इतिहासात ही पायरी मी फार मोठी मानतो: ज्या गुणासाठी वर्षभर पिंपावर दगड ठेवावा लागे तो गुण बाटलीतून ओतता येऊ लागला.

या घाईला घर मिळाले ते एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती, आणि तीत बायका-मुलांवाचून राहणाऱ्या पुरुषांचा भरणा फार: सरदारांबरोबर हजेरीसाठी आलेले शिपाई, सुतार, गवंडी, हमाल, हरकामे. लाकडाच्या त्या शहराला आगीचे भय कायमचे आणि बिऱ्हाडे वितभर. तेव्हा चूल पेटवण्यापेक्षा रस्त्यावरच्या गाडीवर उभ्याउभ्या खाऊन पुढे जाणे हाच बहुतेकांचा शिरस्ता. अशा गिऱ्हाइकासाठी 1820 च्या सुमारास हानाया योहेई या गृहस्थाने, किंवा त्याच्या पिढीतल्या अनेकांनी मिळून, सिरका घातलेल्या भाताचा मुटका हातात दाबून त्यावर एदोच्या खाडीतल्या मासळीची फोड बसवण्याची तऱ्हा रूढ केली. श्रेय योहेईला देण्याची चाल आहे. पण गाडीवरच्या पदार्थाला एकच जनक असतो यावर माझा फारसा विश्वास नाही.  

या भातातल्या सिरक्याचीही एक गोष्ट आहे. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळून उरलेला चोथा फुकट जाऊ नये म्हणून त्यापासून सिरका काढण्याचा धंदा 1804 मध्ये हांदा नावाच्या गावी नाकानो कुळातल्या एका साकेवाल्याने सुरू केला होता. तांबूस रंगाचा, गोडसर आणि स्वस्त असा तो सिरका होड्यांनी एदोत येई व गाडीवाल्यांच्या भाताला रंग आणि चव देई. तो मुटका आजच्यापेक्षा दुपटी-तिपटीने मोठा असे. टुना माशाला तेव्हा मान नव्हता. तो सोयाच्या रसात मुरवून कसाबसा खपवीत, आणि त्याचा चरबीयुक्त पोटाचा भाग, जो आज सर्वांत महाग, तो तर मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाते अशी त्याची ख्याती होती.

पदार्थ लोकप्रिय झाला की सरकारची नजर त्याच्याकडे वळते, हा नियम एदोतही चुकला नाही. 1841 पासून दोन-अडीच वर्षे शोगुनाच्या दरबाराने काटकसरीचे जे कडक हुकूम काढले त्यांत चैनीच्या वस्तूंबरोबर महागडी सुशीही सापडली, आणि योहेईसह अनेक सुशीवाल्यांच्या हातांत बेड्या पडल्या असे सांगतात. हुकूम काढणारा प्रधान लवकरच पदच्युत झाला. सुशीच्या गाड्या होत्या तेथेच राहिल्या.

याहून चमत्कारिक प्रसंग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. पराभूत जपानात तांदळाचा खडखडाट होता, आणि 1947 च्या उन्हाळ्यात सरकारने उपाहारगृहे बंद ठेवण्याचा फतवा काढला. तोक्योच्या सुशीवाल्यांनी त्यावर जी तोड काढली ती एखाद्या मुरब्बी वकिलाला शोभावी. आम्ही अन्न विकत नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना पटवले. गिऱ्हाईक स्वतःच्या शिध्यातला एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, तांदूळ आणून देईल, आम्ही त्याच्या मोबदल्यात दहा नग सुशी वळून देऊ आणि केवळ वळणावळ घेऊ. आपल्याकडे गिरणीत दळण टाकावे, तसाच हा व्यवहार. अर्ज मंजूर झाला. इतर प्रांतांनीही तोक्योचाच नमुना उचलल्यामुळे, आपापल्या पद्धतीची दाबलेली, गुंडाळलेली, आंबवलेली सुशी करणाऱ्या गावांतही एदोची हातवळणी सुशी पसरली. आणि आज जग जिला जपानची सुशी म्हणून ओळखते तिच्या एकछत्री राज्यामागे शिधावाटपाच्या एका अर्जाचाही हात आहे.

आता नेपल्सकडे परतू. बिशपला पोहोचणाऱ्या रोटापासून तांबड्या पिझ्झ्यापर्यंतचा मधला मार्ग फारसा उजेडात नाही. टोमॅटो सोळाव्या शतकात आला, आणि पुष्कळ काळ बागेची शोभा म्हणूनच राहिला. त्याला विषारी समजणारेही होते. पण नेपल्सच्या ‘लाझारोनी’ लोकांना, म्हणजे बंदरावर मिळेल ते काम करून मिळेल तेथे निजणाऱ्या कंगाल वस्तीला, असल्या शंका परवडण्यासारख्या नव्हत्या. स्वस्त फळ, स्वस्त रोट, वर लसूण आणि तेल, कधी डुकराची चरबी, कधी बारीक मासळी, झाला पिझ्झा. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांदर द्यूमा हा 1830 नंतरच्या दशकात नेपल्सला राहून गेला, आणि हे लोक हिवाळ्यात पिझ्झ्यावर व उन्हाळ्यात कलिंगडावर जगतात असे त्याने लिहून ठेवले. त्यानेच एक गमतीची चूकही केली आहे. नेपल्सच्या बाजारात ‘आठचा पिझ्झा’ म्हणून एक प्रकार त्याच्या कानावर आला. साहेबांनी त्याचा अर्थ आठ दिवसांचा शिळा पिझ्झा असा लावला! वस्तुतः तो ताजाच असे; आज खावा आणि पैसे आठ दिवसांनी द्यावेत, असा त्या नावाचा अर्थ. उधारीची वही ज्याने कधी ठेवली नाही त्याला बाजाराची भाषा अशी फसवते.

भट्टीतून निघालेले पिझ्झे पत्र्याच्या पिंपात घालून, ते डोक्यावर घेऊन पोरे गल्लोगल्ली ओरडत हिंडत, आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे तुकडा कापून देत. सभ्य समाजाला हे सारे किळसवाणे वाटे. ‘पिनोकिओ’चा कर्ता कोल्लोदी याने 1886 मध्ये, फ्लॉरेन्सच्या माणसाला साजेशा तुच्छतेने, पिझ्झ्याच्या कळकट रूपाची तुलना तो विकणाऱ्याच्या कळकट अंगाशी केली आहे. त्याच सुमारास नेपल्सच्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिणाऱ्या मातिल्दे सेराओ या लेखिकेने एका व्यापाऱ्याची हकीकत दिली: त्याने रोममधल्या नेपल्सकरांच्या भरवशावर तेथे पिझ्झ्याचे दुकान थाटले, सुरुवातीला झुंबड उडाली, आणि पुढे धंदा बसला. आपल्या गल्लीबाहेर हा पदार्थ जगत नाही, असेच त्या काळच्या शहाण्यासुरत्यांना वाटले असल्यास नवल नाही.

1889 मध्ये इटलीची राणी मार्गारिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोसितो या पिझ्झेवाल्याने टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि तुळशीच्या जातीचा बाझिल यांनी सजवलेला तीन रंगांचा पिझ्झा तिला पसंत पडला आणि त्याला तिचे नाव मिळाले, ही कथा वाचकाने ऐकली असेल. तिचा आधार म्हणून दाखवले जाणारे राजवाड्याचे पत्र अस्सल आहे की नाही याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. मला त्या पत्राच्या खरेखोटेपणापेक्षा वेगळेच कुतूहल वाटते. सेराओबाईंच्या पुस्तकानंतर अवघ्या पाच वर्षांत या पदार्थाला राणीची सनद हवीशी वाटू लागली, म्हणजे त्याचे दिवस पालटू लागले होते. पुढे पोटासाठी अमेरिकेला गेलेल्या नेपल्सकरांनी तो तिकडे नेला, 1905 मध्ये न्यूयॉर्कला लोम्बार्दी यांचे पिझ्झ्याचे दुकान निघाले, आणि बाकीचा इतिहास तर शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

आपला पदार्थ परमुलखात जाऊन जाडजूड आणि ओळखू न येण्याजोगा झाला म्हणून हवालदिल झालेल्या नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांनी 1984 मध्ये एक मंडळ स्थापले व नियम बांधले, आणि 2010 मध्ये युरोपीय संघाने ‘नेपल्सचा पिझ्झा’ या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. तो मसुदा वाचावा तर एखाद्या सर्व्हे खात्याच्या मोजणीची आठवण होते. व्यास पस्तीस सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. कडेचा फुगवटा एक ते दोन सेंटिमीटर. लाटणे वा यंत्र वापरू नये, कणीक हातानेच पसरावी. भट्टी लाकडाची, तिच्या तळाची उष्णता 485 अंश, आणि भाजण्याचा अवधी साठ ते नव्वद सेकंद. कागदावर हे आकडे निर्जीव दिसतात, पण भट्टीपाशी त्यांना प्राण येतो. कारागीर फुगलेल्या गोळ्याच्या मध्यावर बोटे दाबून आतली हवा कडेकडे ढकलीत जातो, मग तो चकता एका हातावरून दुसऱ्या हातावर थापटतो, चार बोटे टोमॅटोचा रस गोल फिरवून पसरतो, आणि लांब दांड्याच्या उलथन्याने भट्टीत सोडतो. तिथे दीड मिनिटाचा खेळ. कडेतली कोंडलेली हवा एकदम फुगते, वर काळे ठिपके उमटतात, मध्यभाग मात्र ओलसर आणि मऊ राहतो. आपल्याकडे भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की ती टम्म फुगेपर्यंत जी नजर लागते, तीच येथे लागते. क्षणभर चुकले की गेली.

सरकारने हात न लावल्यामुळे तरलेल्या पदार्थाचा दाखला इंग्लंडचा. तळलेला मासा हा स्पेन-पोर्तुगालातून परागंदा झालेल्या ज्यूंनी तेथे नेला, त्याला बटाट्याच्या तळलेल्या कापांची जोड 1860 च्या सुमारास मिळाली, आणि गिरण्या व खाणींतल्या मजुरांचे ते हमखास जेवण झाले. दुसऱ्या महायुद्धात मांस, साखर, लोणी, चहा, सगळ्यांवर शिधापत्रिका आली. मासा आणि बटाटा यांच्यावर आली नाही. गोरगरिबांच्या या एका सुखावर गदा आणली तर लोकांचा धीर सुटेल, हे त्या सरकारने ओळखले, आणि माझ्या मते अन्नविषयक सरकारी निर्णयांत इतका समंजस निर्णय क्वचितच झाला असेल.

उलट, सरकारनेच चुलीवर चढवलेला पदार्थ म्हणजे सयामचा पॅड थाई. फील्ड मार्शल पिबुन यांनी 1939 मध्ये देशाचे नाव बदलून थायलंड केले, आणि कपड्यांपासून अभिवादनापर्यंत प्रजेने थाईपण कसे पाळावे याची फर्माने काढली. तांदळाच्या शेवया खाव्यात, त्यांच्या गाड्या थाई लोकांनी लावाव्यात, असा प्रचारही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. गंमत ही की शेवया कढईत परतण्याची रीत सारी चिनी, आणि हेच सरकार चिनी व्यापाऱ्यांच्या मागे लागलेले. पण चिंचेचा कोळ, माशाचे आंबवलेले पाणी, ताडगूळ आणि शेंगदाण्याचा कूट यांनी त्या शेवयांना जी चव दिली ती गाडीवाल्यांनी. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा गाडीवर आले ते त्या चवीसाठी, फर्मानासाठी खचित नव्हे. आपल्या राज्यातही 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली होती. झुणका-भाकर हे ज्याला उत्तम जमले त्याच्या हातचे अमृत, यात शंका नाही. तरी पुढे त्या केंद्रांपैकी कित्येकांत झुणका-भाकर सोडून बाकी सर्व जिन्नस मिळू लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

युरोपीय संघाच्या त्या मसुद्यात आणखी एक अट आहे: पिझ्झा पुस्तकासारखा सहज दुमडता आला पाहिजे. नेपल्सच्या जुन्या गल्ल्यांत तो अजूनही तसाच विकतात. चार घड्या घालून, कागदात गुंडाळून, खिडकीतून हातात ठेवतात. वाचकाचा तिकडे जाण्याचा योग आला तर टेबल शोधीत बसू नये, खिडकीपाशीच उभे राहून खावा. मात्र पहिला घास घेण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण घडीच्या आतला टोमॅटो बराच वेळ कढत राहतो आणि जीभ हमखास पोळते.